डाळिंबावरच्या पाच पोटल्या

"अंधश्रद्धा ही समाजाला लागलेली कीड आहे!" शांतारामभाऊंनी सभेत टेबलावर मूठ आपटली. टाळ्या पडल्या. मग आचोळे गावातल्या एका सोसायटीच्या या सेक्रेटरींनी पुढचा विषय पुकारला : आवारातल्या डाळिंबाला बांधलेली करणी.

झुडपाच्या फांद्यांवर काळ्या प्लास्टिकच्या पाच पोटल्या लटकत होत्या, वरून लाल फीत. कमिटीत माणसंही पाचच. शांतारामभाऊ निवृत्त इंजिनीअर, हिशेब चटकन जुळला.

"तळमजल्याच्या एमिलीबाईंना बांधताना पाहिलंय मी," कमिटीतला प्रल्हाद कुजबुजला. "तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या."

"पण त्या तर चर्चला जातात," दुसरा एक सभासद म्हणाला.

"म्हणजे दोन्हीकडे वशिला!"

पोटल्या आल्यापासून लिफ्ट बंद होती. आधीही बंदच असायची, पण तेव्हा ती आपली आपण बंद पडायची.

ठराव तयार झाला : या बाईंच्या भाडेकराराला सोसायटीनं ना हरकत देऊ नये. शांतारामभाऊंनी पेन उघडलं, तोच त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उठल्या.

"अहो, बाईची उमेळे गावची वाडी बिल्डिंगखाली गेली. आता हे छप्परही काढून घेताय. तिला एकदा विचारलंत तरी?"

"करणी करणारा कबूल करतो होय?"

"मग न करणाऱ्यानं काय कबूल करायचं, ते सांगा!"

शेवटी सगळी सभा खाली डाळिंबापाशी गेली. एमिलीबाईंना बोलावणं धाडलं. त्या आल्या, हातात कात्री! कमिटी शिस्तीत दोन पावलं मागे सरली. बाईंनी एक पोटली कापली. शांतारामभाऊंनी डोळे मिटले आणि बायकोनं कोपरखळी मारल्यावर उघडले.

आत ओलं शेवाळ होतं, आणि त्यातून फुटलेली पांढरी, कोवळी मुळं!

"गुटी आहे हो ही," एमिलीबाई म्हणाल्या. "फांदीची साल गोल सोलायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक. झाडावरच मुळं धरतात, मग कापून कुंडीत लावायची. फीत नाताळच्या केकवरची."

"पण पाचच का?"

"तुम्ही पाच जण ना! करारासाठी तुमच्याकडे यायचं होतं. रिकाम्या हातानं कसं येऊ? म्हटलं, एकेक रोप द्यावं."

"आणि पुटपुटत काय होता?" प्रल्हादनं शेवटचा पुरावा काढला.

"डासांना शिव्या देत होते. तुम्हाला ऐकायच्यात?"

शांतारामभाऊंचा चेहरा डाळिंबासारखा झाला. त्यांनी ठराव टराटरा फाडला. "बाई, चुकलो! ना हरकत आजच देतो."

वाचकहो, शेजारच्या माणसाला प्रश्न विचारायला आपल्याला भीती वाटते, त्याच्याबद्दल ठराव करायला मात्र वाटत नाही. एखाद्याला घराबाहेर काढण्याआधी त्याचं दार वाजवून बघावं. शांतारामभाऊंनी तिथल्या तिथे भाषणच केलं : "आजपासून या आवारात संशयाला थारा नाही! विज्ञानाचा विजय असो!" पुन्हा टाळ्या पडल्या.

मंडळी पांगल्यावर ते एमिलीबाईंजवळ गेले आणि हळूच म्हणाले,

"बाई, माझं रोप तेवढं अमावास्या टाळून द्या."