बाप्तिस्म्याआधीची आवराआवर

"माझी कोंबडी नेली कुणी?" थोरलीनं अंगणातून असा आवाज दिला की पलीकडच्या शेतात नांगर धरलेल्या माणसानं बैल थांबवले. "अंड्यांवर बसलेली कोंबडी, तीही टोपलीसकट! उचलताना हात झडले कसे नाहीत?"

कुंपणाच्या बाहेर लोहार उभा होता. तो खाकरला. "थोरले, कोंबडीचं राहू दे. माझी मोठी पकड गेली. शिंपी पाणी प्यायला उठला तेवढ्यात त्याची कात्री गेली. एवढा सफाईदार हात गावात एकाचाच आहे. तुझा जावई."

"जीभ आवर!" थोरली कुंपणापाशी येऊन ठेपली. "माझा जावई रविवारी बाप्तिस्मा घेतोय. सगळ्या मंडळीसमोर त्याच्यासाठी शब्द दिलाय मी. तू चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून दाखव एकदा, मग माझ्याशी बोल."

लोहार गेला. मागं वळून हसत गेला, हे थोरलीनं पाहिलं आणि सोडून दिलं.

जावयाला गाव मुंगूस म्हणायचं. कुठल्याही कुंपणातून आत आणि कुठल्याही फटीतून बाहेर. माणूस तसा वाईट नव्हता. पीत नव्हता, बायकोवर कधी हात उगारला नव्हता. फक्त दुसऱ्याची वस्तू दिसली की त्याच्या बोटांना दम निघत नसे. थोरलीनं शेवटी आपली धाकटी लेक उचलून घरी आणली. "आधी सुधार, मग बायको," असं त्याला दारातच सुनावलं. त्याला चार महिने झाले. लेक सकाळी शेण काढायची, दुपारी भाजी खुरपायची आणि संध्याकाळी रस्त्याकडं तोंड करून बसायची. मग मुंगूस पाळकांच्या प्रवचनाला जायला लागला आणि एक दिवस म्हणाला, मला पाण्यात उतरवा. थोरलीनं छाती फुगवून गावभर सांगितलं. आता लेकीचा संसारही मार्गी लागणार होता, आणि तोही आपल्या शब्दावर!

शनिवारी चर्चच्या घंटेचा दोर गेला. रविवारी पाळकांच्या बायकोनं परात बडवून लोक गोळा केले.

तळ्याचं पाणी चांगलंच गार होतं. पाळक कमरेइतक्या पाण्यात, दात वाजवत उभे. शेजारी मुंगूस, अंगावर पांढरा सदरा, चेहरा एकदम समाधानी.

"मागच्या सगळ्या पापांचा तुला पश्चात्ताप होतोय का?"

"होतोय. अगदी आज सकाळपर्यंतच्या."

पाळकांचा हात हवेतच थांबला. "आज सकाळी काय केलंस?"

"तुमची छत्री."

काठावर कुणीतरी फिसकन हसलं. मुंगसानं मनापासून सगळं सांगितलं. "तुम्हीच म्हणालात ना, पाण्यात उतरलं की मागचं सगळं माफ. पुढं चोरायचं नाही. मग म्हटलं, लागणारं सामान याच आठवड्यात आवरून घ्यावं. पकडीवर तर दोन वर्षं डोळा होता माझा."

"आणि कोंबडी?" थोरली ओरडली.

"ती धाकटीसाठी, सासूबाई. धाकटी घरी परत आली की अंडी लागतील."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. शिंपी पोट धरून खाली बसला. लोहार ओरडला, "पाळक, बुडवा त्याला! फक्त वर काढायची घाई नको!"

थोरली हसली नाही. तिचा शब्द गावासमोर त्या पाण्यात गटांगळ्या खात होता. ती चपलांसकट तळ्यात शिरली आणि जावयाची बाही धरली. "बाहेर ये! पाळक, हे थांबवा. आधी घरोघरी जाऊन सगळं परत करू दे. महिनाभर हात आवरून दाखवू दे. मग घाला पाणी!"

"आई, आधी स्वच्छ होऊन मग आंघोळीला कोण जातं?" पाळकांनी थोरलीला विचारलं.

"मग उद्या पुन्हा चोरेल आणि म्हणेल, पुन्हा बुडवा!"

"तेच सांगायचं राहिलं वाटतं माझ्याकडून," पाळक म्हणाले आणि मुंगसाकडं वळले. "वेड्या, देव नुसतं मागचं पुसून तुला रस्त्यावर सोडत नाही. तुला ठेवून घेतो. आजपासून तू त्याच्या घरचा. घरच्या माणसाला फटीतून शिरावं लागतं का?"

मुंगसानं काठावरच्या लोकांकडं पाहिलं. "अजून काहीच परत केलेलं नाही मी. तरी?"

"तरी. माझी छत्री तुझ्या घरात असताना."

थोरलीनं धरलेली बाही सैल सुटली. तिला स्वतःचा बाप्तिस्मा आठवला. आदल्या दिवशी सासूशी एवढी भांडली होती की शेजारी जमले होते. महिनाभर गप्प राहून दाखव, अशी अट कुणी घातली असती तर ती आजही कोरडीच असती.

पाळकांनी मुंगसाला पाण्यात घातलं आणि वर काढलं. तो खोकला, डोळे चोळले आणि लहान पोरासारखा रडायला लागला. तेवढ्यात धाकटी कोरडं पांघरूण घेऊन सरळ पाण्यात उतरली.

"धाकटे, थांब! आधी सुधारू तर दे त्याला!"

"चार महिने थांबले, आई. मी नसताना किती सुधारला, ते आत्ताच ऐकलंस ना?" तिनं पांघरूण त्याच्या खांद्यावर टाकलं.

मुंगूस तसाच ओला पळत सुटला. कुणी पाठवलं नव्हतं. घरातलं सगळं हातगाडीत भरून तो दारोदार फिरला, पण कुणाचं काय नेलं ते त्याला आठवेना. लोहाराला कात्री मिळाली, शिंप्याला घंटेचा दोर. पाळकांच्या बायकोच्या हातात कुणाचंतरी धुराडं आलं. ते कुणाचं, हे अजून कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी गेलेले खिळे बघून सुतार दारातच बसला. दुपारभर सगळं गाव एकमेकांच्या वस्तू घेऊन हसत इकडून तिकडं पळत होतं. थोरलीकडं कोंबडी आली ती अकरा पिल्लं घेऊन.

"एक नेली होती, बारा आणल्यात," तो खाली बघून म्हणाला.

"मोजता येतंय मला." थोरली आत गेली. लेकीचं बोचकं बांधलेलं होतं. थोरली मागच्या दारानं गोठ्यात गेली आणि आपली दुभती बकरी सोडून घेऊन आली. "ही ने. घरात दूध होईल."

मुंगसानं दोन्ही हात पाठीमागं नेले. "नको. ही तुमची आहे."

"माझी आहे म्हणूनच देतेय!"

"नको, सासूबाई. आत्ताच सगळं परत केलंय मी."

"अरे, चोरलेलं नाही हे, दिलेलं आहे! जन्मभर गावाचं उचलत आलास, आणि समोरून दिलेलं घेता येईना?" तिनं दावं त्याच्या हातात कोंबलं, त्यानं परत तिच्या हातात कोंबलं. बकरी मधे उभी राहून दोघांवर ओरडायला लागली. धाकटी दाराला टेकून डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. रस्त्यावरून लोहार ओरडला, "थोरले, आज कोण कुणाला लुटतंय?"

"तू चाल! कात्री दे जा शिंप्याला!"

शेवटी मुंगसानं दावं घेतलं. तापलेलं लोखंड धरावं तसं, दोन्ही हातांनी. मग हळूच विचारलं, "हिच्याबद्दल मला काय करावं लागेल?"

"काही नाही," थोरली म्हणाली. "दिली म्हणजे दिली."

बोचकं घेतलेल्या धाकटीबरोबर तो निघाला. फाटकापाशी पोचला तेव्हा थोरली मागून खेकसली, "पण चारा रोज घालायचा! जिवंत आहे ती!"

"घालणारच की," मुंगूस मागं न बघता म्हणाला, आणि वाटेच्या कडेनं, कुणाच्याही बांधात न शिरता, वाकून गवत उपटायला लागला.