लिंबांच्या बागेची जागा

साहेबांना रजेवर जायचे होते, आणि रजेवर जाणारा माणूस कसा असतो ते मला त्या एप्रिलात कळले. त्याला सगळे नीटनेटके लावून जायचे असते. जे लावता येत नाही ते त्याला दिसतच नाही.

साल सदुसष्ट. सोनगीरपासून तीन मैलांवर आमचे मिशनचे आवार होते. बंगला, चर्च, मुलांचे वसतिगृह आणि दवाखाना. दवाखान्यात मी, कुंदाबाई. धुळ्याला नर्सिंग शिकून आले तेव्हापासून मलमपट्टी, बाळंतपणे आणि रविवारी बायकांना बायबल वाचून दाखवणे ही माझी कामे. साहेब आणि बाईसाहेब त्यांच्या देशातून आले त्याला सतरा वर्षे झाली होती. आता दोन्ही मुलांना घेऊन ते वर्षभरासाठी घरी निघाले होते. मुंबईहून बोट दहा मेला होती. त्यांच्या जागी येणारे जोडपे जुलैत पोहोचणार, म्हणून तोवर दवाखान्याच्या किल्ल्या माझ्याकडे राहायच्या ठरल्या.

बाईसाहेब चादरींपासून थर्मामीटरपर्यंत याद्या करत बसल्या. साहेबांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, जमीन. चर्चच्या मागे कुंपणाला लागून दोन एकर पडीक होते. तिथे लिंबाची बाग लावायची आणि तिच्यावर वसतिगृह चालवायचे, म्हणजे परदेशातली मदत आटली तरी पोरे उपाशी राहणार नाहीत. विचार चांगला होता. त्यांचे सगळेच विचार चांगले असत, तीच तर पंचाईत. जाण्यापूर्वी नांगरून ठेवायचे, ढेकळे उन्हात तापू द्यायची, मग खड्डे घ्यायचे आणि नव्या साहेबाने आल्या आल्या रोपे लावायची.

त्या पडीकात माझी रूथ पुरलेली होती.

ती छप्पन्न साली गोवराने गेली, अडीच वर्षांची होऊन. तेव्हा आम्हा ख्रिस्ती लोकांना मातीसाठी तीच जागा होती. रस्त्याकडेला नवी जागा मिळेपर्यंत तिथे एकोणीस जणांना ठेवले, बहुतेक लेकरेच. आमच्याकडे लेकरू पुरले की वर दगड ठेवतात. कोल्ह्याने उकरू नये हे एक, आणि आईला जाऊन बसायला ठिकाण असावे हे दुसरे. काही बाया त्याला शेंदूरही लावत. साहेबांनी ते पाहिले आणि रविवारी उपदेशात सांगितले की आज दगड, उद्या शेंदूर, परवा नारळ. मेलेले प्रभूजवळ आहेत, दगडाजवळ नाहीत, तेव्हा दगड काढा.

बाया ढिम्म हलल्या नाहीत. मग साहेब मला म्हणाले की तुम्ही शिकलेल्या आहात, आधी तुम्ही करून दाखवा. मी दाखवले. तेव्हा विहिरीचा कठडा बांधणे चालू होते. रूथवरचा दगड मी स्वतः उचलून गवंड्याला नेऊन दिला. मग घरोघर जाऊन एकेकीला समजावले. भिकुबाईने मला दोनदा ओट्यावरून हाकलले, तिसऱ्या खेपेला ती कबूल झाली. महिन्याभरात जागा साफ झाली. साहेबांनी चारचौघांत माझे कौतुक केले आणि मला ते आवडले. हे सांगायची आज लाज वाटते, पण आवडले.

तीन वर्षांनी साहेबांची आन्ना टायफॉइडने गेली. ती चर्चच्या दारापाशी आहे. धुळ्याहून कोरून आणलेली काळी फरशी, त्यावर नाव, तारखा, खाली वचन. आमचे दगड का नको होते आणि ही फरशी का चालते, हे कुणी विचारले नाही. मीही नाही. बाईसाहेब रडत होत्या आणि मी त्यांच्याबरोबर मनापासून रडले.

दगड गेला तरी माझ्याकडे खूण होती. तिथे एक जुनी बाभूळ होती. तिच्यापासून सोनगीरच्या किल्ल्याकडे तोंड करून सात पावले. दर रविवारी चर्च सुटले की मी तेवढी चालून यायचे. कुणाला दिसले तर शेळ्यांना शेंगा वेचतेय म्हणायचे.

एप्रिलात औषधे आणायला मी आठवडाभर धुळ्याला गेले. परत आले तर बाभूळ नव्हती. बुंधा मुळासकट खणून, खड्डा बुजवून वर माती सारखी केली होती. वसतिगृहाला वर्षाचे सरपण झाले, असे माझा नवरा मगन खुशीत सांगत होता. तो मिशनचा माळी, कुऱ्हाड त्यानेच चालवली होती. रूथला माती दिली तेव्हा तो तापाने पडून होता, आणि नंतरही तो कधी तिकडे फिरकला नाही. सात पावलांचे मी त्याला सांगितले नव्हते. त्या दिवशीही सांगितले नाही. त्याच्यासमोरचे ताट उचलून मात्र आत नेले.

दुसऱ्या दिवशी सोनगीरच्या जवरीलाल शेठचा ट्रॅक्टर यायचा होता. मी तडक बंगल्यावर गेले. साहेब ट्रंकांना दोर बांधत होते. त्या पडीकात आपली माणसे पुरलेली आहेत म्हटल्यावर ते दचकले. ढोंग नव्हते ते. त्यांच्या आठवणीत चार-पाचच जण होते, तेही दक्षिणेच्या कोपऱ्यात, आणि तो कोपरा त्यांनी सोडलाही होता. एकोणीसही जणांना माती देताना प्रार्थना त्यांनीच केली होती. त्यांनी रजिस्टर काढले. नावे होती, तारखा होत्या, जागेचा रकानाच नव्हता.

ते टोपी घालून भर उन्हात माझ्याबरोबर आले. मोकळ्या जमिनीवर उभे राहून म्हणाले, "दाखवा, कुंदाबाई. तेवढी जागा मी सोडतो."

मला दाखवता आली नाही. किल्ला होता तिथेच होता, पण सात पावले मोजायची कुठून? मी एका ठिकाणी उभी राहिले, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. साहेबांनी घाई केली नाही, घड्याळही पाहिले नाही. त्याचाच मला जास्त राग आला. मी कुठेही बोट ठेवले असते तरी त्यांनी खुंट्या ठोकून दिल्या असत्या. पण पोटच्या पोरीबद्दल खोटे कसे बोलायचे? शेवटी म्हटले, माहीत नाही. अंदाजावर दोन एकर सोडता येणार नाहीत, ते हळू आवाजात म्हणाले, आणि रूथ प्रभूजवळ आहे असेही म्हणाले. मी हो म्हटले.

संध्याकाळी मी बायांना जाऊन सांगितले. शिव्या खायची तयारी होती, पण त्यांनी ट्रॅक्टर कधी येणार तेवढेच विचारले. सकाळी शेठच्या ड्रायव्हरने, हिलालने, ट्रॅक्टर सुरू केला तेव्हा त्या आल्या आणि पदर खोचून, भुईमूग वेचायला आल्यासारख्या, नांगरामागून चालू लागल्या. तिसऱ्या फेरीला भिकुबाई वाकली. तिने मातीतून एक दगड उचलला. त्याची एक बाजू अजून लाल होती. थोड्या वेळाने प्रमिलाबाई वाकली, मग आणखी एक. मला काही उमजेना. मी भिकुबाईला विचारले.

"तू सांगं म्हनीसन वरना दगड काढा," ती म्हणाली. "पन फेका नही. त्यानाच खाले पुरी दिन्हा. बठ्ठासनी तसंच करं." म्हणजे दगड कुणी टाकलेच नव्हते, सगळ्यांनी ते जागच्या जागी मातीखाली पुरले होते.

मग माझ्याकडे वळून, टोमणा म्हणून नव्हे, खरेच नवल वाटून तिने विचारले, "तू नही करं का?"

दुपारपर्यंत अकरा दगड निघाले. साहेबांनी शब्द पाळला. जिथे जिथे दगड निघाला तिथे त्यांनी खुंट्या ठोकल्या आणि हिलालला वळसा घालायला लावला. नव्या साहेबांसाठी नकाशा काढला, त्यात अकरा चौकोन आखले. बाया आपापल्या दगडाशी बसल्या. मी ट्रॅक्टरमागे शेवटपर्यंत चालत राहिले. मला काय सापडणार होते? माझा दगड विहिरीच्या कठड्यात चुन्यात बसलेला होता, आणि त्यातला कोणता ते आता गवंड्यालाही सांगता आले नसते.

निघायच्या दिवशी बाईसाहेबांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. आन्नाजवळच्या झाडांना संध्याकाळी पाणी घालायला सांगितले. "आम्ही निश्चिंत जातो, कुंदाबाई," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत आमचा एकही शब्द न मोडलेल्या तुम्ही एकट्याच."

"मोडायला हवा होता," मी म्हणाले.

त्यांना वाटले मी विनयाने बोलतेय. त्यांनी मला जवळ घेतले.

मे महिन्यात मगनने लिंबांचे खड्डे घ्यायला सुरुवात केली, तीन-तीन फूट खोल. मी दवाखाना उरकून रोज तिथे जायचे आणि तो खणत असलेल्या खड्ड्याच्या काठावर उभी राहायचे. साठाव्या खड्ड्याला त्याने घाम पुसून विचारले की तू इथे रोज काय शोधतेस.

"तुझी पोरगी," मी म्हणाले.

त्याने कुदळ बाजूला ठेवली. पुढचे सगळे खड्डे त्याने खुरप्याने खणले.