आता बरं दिसतंय की आधी?

शिलाई मशीन खिडकीपासून उठवून पॅसेजमध्ये ढकललं, त्या दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरलीच नाही. आणि ढकललं कशासाठी? नवऱ्याच्या गेमसाठी! स्क्रीनवरचं चित्र खऱ्यासारखं दिसावं म्हणून बाजारातलं सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड आलं, ते कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटमध्ये मावेना. मग मोठं कॅबिनेट आलं, त्याला मोठं टेबल आलं, आणि कार्ड तापतं, वारा हवा, म्हणून खिडकीही त्यालाच. माणसाला उजेड लागतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. लोकांचे कपडे शिवणारी बाई पिवळ्या बल्बखाली काळ्या कापडावर काळा दोरा चाचपडत बसली.

नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. एक काच काढायची, दुसरी लावायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय की आधी?" कधी तो मुद्दाम तीच काच परत लावायचा. गिऱ्हाईक मान डोलवायचं, आता एकदम स्वच्छ! घरी हे सांगताना हसून हसून त्याची पुरेवाट व्हायची.

खेळायचा मात्र तीच जुनी मोटारींची शर्यत. रस्त्यावरचं पाणी बघ, अगदी खरं वाटतं, असं तिला हाक मारून दाखवायचा. तिला तेच पाणी दिसायचं आणि त्याच भिंतीवर आपटणारी तीच गाडी. तसं म्हटलं तर म्हणाला, तुझ्या डोळ्यांना सवय नाही. हे तिला फार लागलं. तिच्या डोळ्यांची वाट कोणी लावली होती?

रविवारी दीर येणार होता. त्यालाही तसंच कार्ड घ्यायचं होतं, म्हणून आधी बघायला. सकाळी झाडताना तिने कॅबिनेट पुढे ओढलं आणि थबकली. आणलं त्या दिवशी नवऱ्याने कौतुकाने दाखवलं होतं, स्क्रीनची वायर या कार्डात लावायची. कार्डाच्या तोंडांवर रबराच्या टोप्या अजून तशाच होत्या. वायर होती वरच्या बाजूला, कॉम्प्युटरच्या मूळच्याच जागी, कार्ड नव्हतं तेव्हा लावायचे तिथे. म्हणजे इतके दिवस हे कार्डमहाराज नुसते खिडकीत बसून वारा खात होते. तिला हसू आलं नाही, संताप आला. तिने कशालाही हात लावला नाही.

दीर आला. नवऱ्याने शर्यत लावली, पाणी दाखवलं. दीर म्हणाला, वा, काय स्वच्छ दिसतंय.

"भाऊजी, मागे वाकून बघा," ती म्हणाली. "टोप्यासुद्धा काढलेल्या नाहीत."

दिराने पाहिलं. मग नवऱ्याने पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. त्याने स्वतःच्या हाताने टोपी काढली, वायर कार्डात लावली आणि शर्यत परत सुरू केली. तेच पाणी, तीच भिंत. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि दुकानातल्या त्याच्याच सुरात तिने विचारलं,

"आता बरं दिसतंय की आधी?"

हो म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

"सारखंच आहे," तो म्हणाला. "या गेमला एवढं कार्ड लागतच नाही."

"मग टेबल उचला."

एक बाजू नवऱ्याने धरली, दुसरी दिराने. मशीन परत खिडकीशी आलं. तिने काळा दोरा घेतला, सुईत पहिल्याच फटक्यात ओवला आणि काळं कापड पुढे ओढलं.

"मला दिसतोय फरक," ती म्हणाली, आणि शिवायला लागली.