शेपटीवरचं ठिगळ

किशोररावांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांचं विमान अर्धंच झालं होतं. अमरावतीतल्या त्यांच्या घरात, बैठकीच्या टेबलावर पावणेचार मीटर पंखांचा सांगाडा उघडा पडून होता. एका जुन्या लाकडी ग्लायडरची ही हुबेहूब, पाव आकाराची प्रतिकृती. तिला इंजिन नव्हतं. कड्यावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर ती तरंगणार, आणि आपण काठावर उभं राहून रिमोटनं तिला वळवायचं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

झटक्यानं उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, उद्या. चहा हवा असला तरी उद्या, पंखा बंद करायचा असला तरी उद्या. डोकं शाबूत आहे, तोंडाशी येईपर्यंत शब्द बदलतो, असं डॉक्टर म्हणाले.

विमान पुरं करायचं त्यांच्या बायकोनं, साधनानं ठरवलं. फार मोठी आशा होती असं नाही. ते दिवसभर त्या टेबलाकडे बघत बसायचे, ते तिला बघवेना. तीस वर्षं तिनं ब्लाउज शिवले होते, कागदावरच्या रेघेवरून कापणं तिला नवं नव्हतं. ते डाव्या हाताचं बोट नकाशावर ठेवायचे, ती पातळ हलक्या लाकडाच्या फासळ्या कापायची. चुकलं की ते टेबलावर थाप मारायचे. नाकात शिसं भरून, पंखांखाली दोन बोटं देऊन विमान उचलायचं; आडवं राहिलं म्हणजे तोल जमला. घरी तो दोनदा जमला. दुसऱ्यांदा ते अर्ध्या तोंडानं हसले. उडवायलाही तीच शिकली, चार महिने संगणकावरच्या नकली विमानावर.

मेअखेरीस विमान कड्यावर उडवायला न्यायचं म्हणून त्यांचा भाचा कुंदन जीप घेऊन आला. तो सेमाडोहला पर्यटकांना जंगल दाखवायचा. चिखलदऱ्याच्या घाटात एका वळणावर विमानाची शेपटी सीटच्या लोखंडावर आपटली आणि चिरली. लॉजवर पोचल्या पोचल्या साधनानं दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे तुकडे चिकटवले. घट्ट बसावं म्हणून जरा मोठेच घेतले.

सकाळी कड्यावर वारा असा होता, की साधनाची ओढणी मागं सरळ ताठ राहत होती. किशोरराव खुर्चीवर बसले होते. त्यांनी डावा हात पुढं केला, दोन बोटं वर धरली आणि म्हणाले, "उद्या."

"आजच उडवून राहिलो ना आपण," साधना म्हणाली.

"उद्या. उद्या." बोटं पुन्हा वर.

"मामी, मामाले काई सांगाचं आहे," कुंदन विमान धरून म्हणाला.

"तोल पाहा म्हणतात. घरी दोनदा पाह्यला." ती दमली होती. रात्रभर त्यांची कूस बदलून देताना तिला झोप लागली नव्हती. कुंदनला दुपारी तीनला सेमाडोहला पर्यटकांच्या गाडीवर हजर व्हायचं होतं, आणि असा वारा पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. "फेक तू."

किशोररावांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. कुंदन थबकला.

"फेक म्हटलं ना."

त्यानं फेकलं. विमान काठाबाहेर गेलं आणि नाक वर करून चढतच राहिलं. क्षणभर तिला वाटलं, जमलं. मग ते हवेत जागच्या जागी थांबलं, एका पंखावर कलंडलं. तिनं रिमोटची काठी पुढं दाबली, तसं ते खाली कोसळलं. मागं ओढली, तर पुन्हा नाक वर. तिसऱ्यांदा ते गरगरत दरीतल्या झाडीत गेलं. आवाजसुद्धा वरपर्यंत आला नाही.

हातात रिमोट तसाच धरून ती उभी राहिली. आणि तेव्हा तिला कळलं. तोल घरी जमला होता, पण ठिगळ काल लावलं होतं. शेपटी जड झाली होती. ते त्यांनी पाहिलं होतं.

ती त्यांच्यापाशी जाऊन बसली. "ठिगळाचं सांगून राह्यले होते ना तुमी? मले समजलं नाई."

समजलं नाही हे पुरतं खरं नव्हतं. तोल पाहा म्हणताहेत एवढं तिला समजलं होतं. तिनं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. ते दरीकडे बघत राहिले.

"वनरक्षकाले विचारून मी खाली उतरतो," कुंदन म्हणाला. "एखादा पंख तरी सापडन."

"राहू दे," ती म्हणाली.

घरी आल्यावर आठवडाभर तिनं टेबल तसंच ठेवलं, मग त्यावर शिवणयंत्र मांडलं. किशोररावांनी बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. गुरुवारी बोलणं शिकवणारी मुलगी आली. आ करा, ओठ मिटा, माझ्यामागून म्हणा, असं ती तासभर सांगत होती. त्यांनी ओठ हलवले नाहीत. पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चौथ्या वेळी ती दारातूनच साधनाला म्हणाली, "काकू, त्यांची इच्छा असल्याशिवाय माझ्या हातात काही नाही."

साधनानं मान हलवली आणि तिला पाणी प्यायला दिलं.