एकाची सरस्वती

मी एक जुनी दगडी पाटी आहे. लांबी दहा इंच, रुंदी सात, चौकट सागवानी; डावा कोपरा उडालेला. भिसेगावच्या आबाजीने १९५१ साली मला फेकून चिंचा पाडल्या, त्याची ती खूण. तरीही चौथीपर्यंत मीच त्याच्या मांडीवर होते.

पुढे आबाजी यंत्रविद्या शिकून इंग्लंडला, लीड्सच्या कारखान्यात गेला आणि मी फडताळात पडले. मित्रांनो, धुळीचे मला दुःख नव्हते. कोणी लिहीत नव्हते, याचे होते.

१९७८ साली, दसरा आठवड्यावर आला असता, तो सहकुटुंब परतला. त्याची आठ वर्षांची जयवंता मला छातीशी धरून शाळेत निघाली. घरी मराठीच असल्याने तिचे बोलणे स्वच्छ होते आणि आईकडून ती अक्षरेही शिकली होती. वाटेत ती मला तिकडच्या शाळेच्या गोष्टी सांगत होती. तिकडे मुले वहीत लिहितात, कोट खुंटीला अडकवतात, मधल्या सुट्टीत बाटलीतले दूध पितात. पुस्तकाला पाय लागला तरी कोणी वळून पाहत नाही. इकडे वर्गात बसताना तिचा पाय मला लागताच शेजारच्या गजाने तिला हटकले.

"पाया पड गं तिच्या. नायतर विद्या येत नाय."

तिने मला नमस्कार केला. पेन्सिल चघळण्याची खोड मात्र दोन्ही देशांत सारखीच, असे ती म्हणाली, तेव्हा मला त्या अनोळखी मुलांविषयीही माया वाटली.

तिला तिसरीत घ्यावे की नाही, हे पाहण्यासाठी विमलबाईंनी फळ्यावर दोन गणिते लिहिली. पहिले होते ४ + १. जयवंताने माझ्यावर उत्तर लिहिले, 17. दुसरे होते ४ − १. त्यापुढे तिने लिहिले, 'होत नाही'.

बाईंनी आबाजीला बाहेर बोलावले. "मुलगी गोड आहे हो, पण गणित अगदीच कच्चं. दसरा झाला की पहिलीत बसवू."

लीड्सला गणितात तिचा पहिला नंबर असे. घरी येऊन ती माझ्यावर वाकून रडली. त्या पाण्याने 17 पुसट झाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन होते. सर्वांनी एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली. जयवंतानेही काढली.

गजा ओरडला, "बाई, हिची सरस्वती नुसत्या काड्यांची हाय. उपाशी दिसते."

जयवंता त्याच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि तुझी? तू तर सगळे नऊ काढलेस."

विमलबाई हातातले झेंडूचे फूल तसेच धरून थांबल्या. मग त्यांनी मला मांडीवर घेतले आणि माझ्यावर १ लिहिला.

"हा कोणता आकडा गं?"

"नऊ."

त्यांनी ४ लिहिला. "आणि हा?"

"आठ."

"आठ नि नऊ?"

"सतरा. आणि आठातून नऊ जात नाहीत, बाई."

विमलबाई पदराने डोळे टिपत हसल्या. "तुझं गणित बरोबर होतं, बाळा. कच्ची मीच निघाले. जा, तिसरीच्या रांगेत बस."

"इकडं सरक, ये," म्हणून गजाने बसकर ओढून तिला जागा दिली. बाईंनी माझ्यावर १ आणि 1 शेजारी शेजारी लिहिले आणि दोघांच्या मध्ये ते फूल वाहिले.

मित्रांनो, पाटी ओल्या फडक्याने पुसावी, थुंकीने नव्हे; एवढी काळजी माझ्यासारखीला पुरते. पण कोणाचे उत्तर पुसण्याआधी, त्याला प्रश्न एकदा मोठ्याने वाचायला सांगा.