बाबांची कुत्री

धाकटी बाजारातून परतली तेव्हा बाबांच्या खुर्चीपाशी नुसतं गोणपाट होतं. कुत्री नव्हती. अर्धांगाने वाचा गेलेले बाबा दाराकडे बोट दाखवत होते.

"दादा आला होता तुझा," शेजारीण म्हणाली. "दोरी बांधून घेऊन गेला."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. शेजारणीला बाबांपाशी बसवून ती तशीच निघाली. दादाचं घर टेकडीपलीकडे होतं.

टेकडी गोल, गवताने मऊ. झाड नाही, कडा नाही. इथे चाललं की मन निवतं म्हणतात. तिचं निवलं नाही. चढ संपला म्हणावं तर पुढे आणखी एक फुगवटा, आणि प्रत्येक फुगवट्यावर तिला दादाला सुनावायचं नवीन काहीतरी सुचत होतं. आजारपणात फिरकला नाही. जन्मभर उंटावरून शेळ्या हाकल्या. आता कुत्री हवी.

माथ्याजवळ एक मेंढी उताणी पडली होती, चारी पाय वर. लोकर भिजून जड झाली की मेंढीला उलटता येत नाही. तशीच पडली तर पोट फुगून मरते. दोन कावळे टपले होते. मेंढीच्या कुशीवर कळपाच्या खुणेचा निळा पट्टा होता. दादाचा.

"मर मेली," असं म्हणून ती पुढे गेली. मग शिव्या देतच मागे वळली. लोकरीत हात घालून मेंढी उलटवली आणि पाय ठरेपर्यंत गुडघ्यांत धरून ठेवली. त्याचंच काम आपल्याला करावं लागतंय, या विचाराने तिचा राग आणखी भडकला.

दादा कुंपण ठोकत होता. कुत्री फाटकाला बांधलेली.

"माझी कुत्री म्हातारी झालीय, हिला कळप वळवता येतो," तो मान वर न करता म्हणाला. "बाबांना आता काय कळतंय?"

"दाराकडे बोट दाखवत बसलेत सकाळपासून. तू येऊन बघ काय कळतंय ते."

ती दोरी सोडायला वाकली. गाठ पक्की होती. वहिनी दारात उभी होती. ती आतून सुरी घेऊन आली आणि दोरी कापली.

"पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस," दादा बहिणीवर ओरडला.

"नाही टाकणार. पण बाबांना भेटायला तुला माझ्याच दारात यावं लागेल. तेव्हा दोरी आणू नकोस."

परतताना कुत्री चढावर थकली, तशी तिने तिला उचलून घेतलं. घरी पोचताच कुत्री बाबांच्या पायांवर जाऊन पडली आणि बाबांचा हात हळूहळू तिच्या डोक्यावर आला.

धाकटी आत जाऊन भांडी घासायला बसली. दादाने हाक मारली असती, एकदा चुकलो म्हणाला असता, तर ती थांबली असती. तो ओरडलाच फक्त. भांडी आपटत आपटत तिने सगळी घासून काढली, आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.