पेवात विझलेला कंदील

मित्रांनो, कंदिलाला दिवसा काय काम, असं तुम्ही विचाराल. मला होतं. मी बंडप्पाचा जुना कंदील. बंडप्पा कळंबला पेवं भरायचं आणि उपसायचं काम करायचा. पेव म्हणजे जमिनीखालची ज्वारीची कोठी. वर एक माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड आणि आत दोन पुरुष खोल अंधार. त्याची मुलगी इरम्मा मला रोज मठातल्या शाळेत नेई, कारण त्या खोलीला खिडकी नव्हती. निजामाच्या राज्यात शाळा होती हेच पुष्कळ; तिला खिडकीही असावी, असा आग्रह कुणी धरला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, ठोकला, डाख दिला, काच बसवली, आणि एका खोक्यातून आम्ही बारा भाऊ बाजारात आलो. अकरा सरळ जळत. माझी वात जरा तिरपी बसली होती, त्यामुळे काच एका अंगानं काळी होई. हे मला जाणवलंही नसतं. पण शाळेत माझ्याशेजारी माणिकप्पा आडत्याच्या घरचा परदेशी कंदील टांगलेला असे. त्याची ज्योत कधी हलत नसे. त्याच्याकडे बघत मी भडकायचो, मग लाजून बारीक व्हायचो, मग पुन्हा भडकायचो. एक दिवस स्वस्थ जळलो असेन तर शपथ.

माझ्याखाली बसणाऱ्या इरम्माचंही तेच. तिच्याशेजारी माणिकप्पाचा मुलगा शिवलिंग. त्याला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोंडपाठ, अक्षर छापल्यासारखं. इरम्मा पाटीवर उत्तर लिही, त्याच्या पाटीवर नजर टाकी आणि थुंकी लावून आपलं पुसून टाकी. एकदा चाँदपाशा मास्तरांनी तिची पाटी माझ्याजवळ धरून तिरपी केली, तसे पुसलेले आकडे पुसट दिसले.

"बेटी, पुसलंस ते बरोबर होतं. लिहिलंस ते चूक."

"शिवलिंगाचं बी हेच हाय, मास्तर."

"मग दोघांचं चूक. पण त्याचं त्याच्या अकलेनं चुकलंय. तुझं उसनं!"

पोरं हसली. इरम्माही हसली. सवय मात्र गेली नाही.

मग लढाई आली. म्हणजे लढाई दूर कुठंतरी होती. कळंबला फक्त घासलेट येईनासं झालं. जे मिळे त्यात पाणी. मी दिवसातून चारदा विझू लागलो. "बंडप्पाचा कंदील व्हय? त्यो विझायचाच," असं लोक सहज म्हणत, आणि मलाही ते पटत असे. परदेशी कंदिलाला घासलेटच चांगलं मिळतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

एका सुट्टीच्या सकाळी माणिकप्पानं पेव उघडलं. उघडलेलं पेव दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरानं पेटता कंदील आत सोडायचा आणि तो पेटताच वर आला तर माणसानं उतरायचं, अशी रीत. कोंडलेल्या पेवात वाईट हवा साठते. तिला वास नसतो, आणि आत गेलेला माणूस हाक मारायच्या आधी पडतो. पण माल न्यायला गाड्या उभ्या होत्या. माणिकप्पानं घटकाभर वाट पाहिली आणि घाई केली. दोर इरम्माच्या हातात होता. मी निम्म्यावर गेलो आणि विझलो.

"विझला, आप्पा. उतरू नका."

शिवलिंग हसला. "अगं, त्यो शाळंत बी विझतो. घासलेटात पाणी असंल."

"पोरगं शिकलेलं हाय, बरोबर बोलतंय," माणिकप्पा म्हणाला. "उतर, बंडप्पा. बैलं ताटकळल्यात."

बंडप्पाला पेवाची खोड माहीत होती, पण माझीही होती. त्यानं धोतराचा काचा मारला आणि एक पाय आत सोडला. इरम्मानं शिवलिंगाच्या तोंडाकडे बघितलं, पाटीकडे बघायची तसंच. खाली अंधारात लोंबकळत मीही मनात म्हणालो, खरंच की, मी विझणाराच. मला साक्षीला बोलावलं असतं तर मी माझ्याच विरुद्ध बोललो असतो. मला वाचा नाही हे बंडप्पाचं नशीब.

इरम्मानं मला सरसर वर ओढलं. कानाशी धरून हलवलं. टाकीत घासलेट डुचमळलं. मला पेटवलं. जळलो, तिरपा का होईना. ती पुटपुटत बेचा पाढा म्हणाली. मी विझलो नाही. पुन्हा खाली सोडलं. त्याच जागी गेलो, त्याच जागी विझलो.

"वर जळतोय, खाली विझतोय. घासलेट तर तेच हाय!" तिनं बापाचा दंड धरला. "आप्पा, पाय वर घ्या आधी!"

"इरम्मे, मालक खोळंबल्यात गं..."

"खोळंबू द्या. शिवलिंगा, तुमचा कंदील आण, सोड खाली. त्याच्यात न्हाय ना पाणी?"

शिवलिंगानं पळत जाऊन परदेशी कंदील आणला. तो ऐटीत खाली गेला. निम्म्यावर त्याची ज्योत न फडफडता गेली.

बंडप्पा काठावर बसला आणि त्यानं दोन्ही पाय पोटाशी घेतले.

"बैलं सोडा रं," माणिकप्पा म्हणाला.

"आमचं घासलेट चांगलं होतं," शिवलिंग हळूच म्हणाला.

पेव रात्रंदिवस उघडं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी तळापर्यंत जाऊन पेटता परत आलो, आणि मगच बंडप्पा उतरला.

पुढच्या आठवड्यात इरम्माचं उत्तर शिवलिंगापेक्षा वेगळं आलं. तिची थुंकी लावलेली बोटं पाटीवर आली, थबकली आणि परकराला पुसली गेली. मास्तरांनी पाटी पाहिली.

"चूक आहे," ते म्हणाले. "पण तुझं आहे. आता कुठं चुकलं ते दाखवता येईल. बस इथं."

मित्रांनो, माझी काच पुसत जा, वात कापत जा, घासलेटात पाणी घालू नका. आणि मी विझलो तर लगेच शेजारच्या कंदिलाकडे बोट दाखवू नका. आधी बघा, तुम्ही मला नेलं होतं कुठं.